ड्रॉइंग एक, वेंडर अनेक



सोलापुरात लघुउद्योजकांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हटला की त्याने चादर, टॉवेल, युनिफॉर्म, फार तर फाउंड्री यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. यंदा विषय आहे पिस्तुलाचे मॅगझिन. पत्र्याची नळी, तारेची स्प्रिंग, तिच्यावर बसणारा फॉलोअर आणि खालची तळपट्टी, एवढीच ही वस्तू. अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळी एमआयडीसीत प्रेसचे, वेल्डिंगचे, स्प्रिंगचे जॉबवर्क करणारा कोणीही ती उलटीसुलटी करून पाहील आणि म्हणेल, यात काय मोठेसे! तरीही तेच पिस्तूल एका कंपनीच्या मॅगझिनवर बिनतक्रार चालते आणि दुसऱ्या कंपनीच्या मॅगझिनवर राऊंड अडकवते. पिस्तूल निमूटपणे शिव्या खाते. दोषी बहुतेक वेळा त्याच्या मुठीत लपलेला असतो.

गोळी सुटली की पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि लगेच पुढे झेपावते. ती परत यायच्या आत स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणून ठेवायला हवे. उशीर झाला तर स्लाइड रिकामीच पुढे जाते किंवा काडतुसाला अर्धवट ढकलून जागीच चिमटते. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात; त्यांना फीड लिप्स म्हणतात. काडतूस कुठल्या कोनात उभे राहणार आणि नेमके कधी सुटणार, हे या कडा ठरवतात. पत्रा मऊ राहिला तर त्या फाकतात, हीट ट्रीटमेंट जास्त झाली तर तडकतात. स्प्रिंगचेही तसेच. चांगला कारखानदार ती आधीच पूर्ण दाबून, तिचा काय तो बसका घेऊ देऊन मगच बसवतो. घाईतला कारखानदार ते काम गिऱ्हाइकावर सोपवतो.

आपल्या पोलिसांच्या कमरेला दिसणारे नऊ एमएम घ्या. पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत तयार होणारे हे पिस्तूल मूळचे ब्राउनिंग हाय-पॉवर. हे ब्राउनिंग नाव मराठी माणसाला नवे नाही. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगच होते. हाय-पॉवरचे काम खुद्द जॉन ब्राउनिंगने सुरू केले. १९२६ मध्ये तो बेल्जियममधल्या लीज शहरात वारला आणि द्यूदोने सेव्ह या तिथल्या अभियंत्याने ते पुरे केले. १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आले, दुसऱ्या महायुद्धात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने ते बनवले आणि त्या कॅनडाच्या नमुन्यावरून आपले इशापूरचे घडले. (हीच इंग्लिस कंपनी युद्धानंतर वॉशिंग मशीनसाठी ओळखली गेली.)

या पिस्तुलाची थोरवी त्याच्या मॅगझिनमध्ये होती. तेरा काडतुसे दोन रांगांत एकाआड एक बसतात आणि वर येताना एका रांगेत मिसळतात. दोन रांगांची एक होते तो निमुळता भाग म्हणजे खरी परीक्षा. तिथे आतून वेल्डिंगचा थेंब राहिला, बर घासली गेली नाही किंवा पत्रा किंचित आत दबला, की काडतुसे एकमेकांना अडवतात. बाहेरून व्हर्नियर लावला तर माप अगदी बरोबर येते!

इटलीत गार्डोने व्हाल ट्रोम्पिया नावाचे गाव आहे. पिस्तुले बनवणाऱ्या बेरेटा कंपनीचे हे गाव. त्याच गावात मेक-गार ही कंपनी १९६५ पासून मॅगझिनच करते आहे. पिस्तुलांच्या अनेक नामांकित कंपन्या तिच्याकडून माल घेतात आणि आपला शिक्का मारून विकतात. म्हणजे ‘कंपनीचे ओरिजिनल’ म्हणून दुकानदार ज्याचे जास्त पैसे घेतो, ते कित्येकदा वेंडरचेच असते. वेंडर हा शब्द खालच्या पट्टीत उच्चारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता मुख्य प्रकरण. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये बेरेटाचे पिस्तूल एम-९ या नावाने स्वीकारले. पुढे मॅगझिनांचे कंत्राट कमी दराच्या निविदेवर चेक-मेट इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीकडे गेले. २००३ मध्ये सैन्य इराकमध्ये उतरले आणि तक्रारी सुरू झाल्या : काडतुसे वर येत नाहीत, मॅगझिन अर्ध्यात थांबते. बेरेटाची स्वतःची मॅगझिने मात्र त्याच वाळूत बरी चालत होती. साहजिकच सगळ्यांनी स्वस्त वेंडरकडे बोट दाखवले.

खोलात गेल्यावर निघाले ते वेगळेच. मॅगझिनला गंज चढू नये म्हणून लष्कराने स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये जाड, खरखरीत फॉस्फेटचा थर मागितला होता, आणि तोही नळीच्या आतल्या बाजूलासुद्धा. इराकची वाळू पिठासारखी बारीक. ती त्या खरखरीत थरावर चिकटली, तेलात कालवली गेली आणि फॉलोअर रुतला. वेंडरने जे मागितले ते, मागितले तसे, इमानाने दिले होते. दोष कागदात होता. पुढे आतून गुळगुळीत लेप दिलेली, वाळूला दाद न देणारी मॅगझिने आली आणि तक्रारी निवळल्या. एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या, नावाने बोटे मोडणे आपल्याकडेही सोपे आहे. टेंडरचा मजकूर कोणी लिहिला, हे विचारायची वेळ क्वचितच येते.

पण प्रत्येक वेळी वेंडर निर्दोष आणि कागद दोषी, असेही नाही. आपल्या जवळचे उदाहरण रायफलचे आहे. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेतला. तिचे वीस राऊंडचे पारदर्शकसर प्लास्टिक मॅगझिन दिसायला छान, किती राऊंड उरले ते बाहेरून कळते. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत ही मॅगझिने तडकू लागल्याच्या तक्रारी आल्या. इथे आराखडा, कच्चा माल आणि मोल्डिंग यांत कोणाचा वाटा किती, हे एका वाक्यात सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते, एवढे तरी मोल्डिंगवाल्याला ठाऊक असते. जवानाला ते पहाडावर कळावे, हे मात्र वाईट.

काही वेळा तर वेंडर आणि कागद या दोघांपेक्षा काडतूसच अवघड असते. आपल्याकडे नऊ एमएम पॅराबेलम सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, तो बहुधा .३२ वर समाधान मानतो. हे काडतूस ब्राउनिंगनेच १८९९ मध्ये रचले आणि त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे सरकली की दोन्ही एकमेकांत अडकतात. मग कितीही हिसडा, ते सुटत नाहीत. मॅगझिन आतून थोडे जास्त लांब झाले की ही शक्यता वाढते. इथे ‘थोडी ढील राहू दे’ हा आपल्या शॉपफ्लोअरवरचा लाडका सल्ला उलटा पडतो.

ऑलिंपिक प्रकारांतल्या २५ मीटर पिस्तुलातही बाहेर आलेल्या कडेचेच .२२ काडतूस असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकाराच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य तीनच सेकंद समोर असते. म्हणून अनुभवी नेमबाज आपल्या प्रत्येक मॅगझिनवर खूण करतात. एखादे दोनदा अडकले की ते सरावालासुद्धा वापरत नाहीत.

सोलापूरला हे काम झेपणार नाही असे कोणी म्हणू नये. १९९२ मध्ये इथे सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट जनरल मोटर्स आणि फोर्डच्या इंजिनांत फिरले आहेत. आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्या झाल्या, खासगी कारखानेही शस्त्रनिर्मितीत उतरले आहेत. आज ना उद्या असे एखादे ड्रॉइंग आपल्याकडे दरासाठी येईल. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. परवान्याशिवाय नमुना म्हणून एक नगसुद्धा काढता येणार नाही, आणि माल चालतो की नाही हे आपल्या शेडमध्ये झाडून पाहण्याचा तर प्रश्नच नाही. तेव्हा दर भरण्याआधी गिऱ्हाइकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या. आतल्या बाजूचे फिनिश कोणत्या हवेसाठी, कोणत्या धुळीसाठी ठरवले आहे, ही पहिली. दुसरी अशी की त्यांच्या रेंजवर आपले जे मॅगझिन अडकेल, ते लॉट नंबरसह, न उघडता, परत आपल्याकडे यावे.