विजासनच्या लेण्यात अर्धा तास

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायकांची एक सहल भद्रावतीला गेली होती. दोन बसगाड्या भरून मंडळी पहाटे नागपूरहून निघाली आणि रात्री परत आली. माझी आईही त्यात होती. पंच्याहत्तरी गाठलेली, गुडघ्यांनी बेजार, पण विजासनचं लेणं पाहायचं म्हणून हट्टाने गेली. परत आल्यावर आठवडाभर शेजारणींना सांगत होती, की काय ती मूर्ती, काय तिची भव्यता! आम्हीही कौतुकाने ऐकलं.

पुढे पावसाळ्यात एकदा संध्याकाळी वीज गेली. घरात मिट्ट काळोख. आई खाटेवर बसलेली. ती एकदम म्हणाली, "तुले एक गोष्ट सांगू का? मले तं तिथं काहीच नाही दिसलं रे."

मी विचारलं, "कुठं?"

"त्या लेण्यात. समोरच्या बाईचा पदर दिसे पांढरा, बस. अन् मागून घाई. चला आजी, चला आजी. हात जोडले अन् बाहेर आली."

"मग सगळ्यांना सांगितलंस ते?"

"काय सांगू मंग? सगळ्याइले दिसलं अन् मलेच नाही?"

तुम्हाला वाटेल, एवढीशी गोष्ट. पण माझ्या आईच्या लेखी ती एवढीशी नव्हती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिच्या बापाच्या खांद्यावर बसलेली होती. दोन दिवसांनी, 16 तारखेला, चंद्रपूरलाही तसाच सोहळा झाला. आपल्या भागातल्या जमिनीच्या पोटात बुद्धाची मूर्ती आहे, फार जुनी आहे, हे ती तेव्हापासून ऐकत आलेली. तिथवर जाऊन ती न पाहता परत आली, आणि वर पाहिल्याचं सांगून बसली. हे तिला आतल्या आत खुपत होतं.

म्हणून आम्ही ठरवलं, की घरच्या घरी पुन्हा जायचं. गाडी भाड्याची, पण दिवस आपला. तो दिवस कसा गेला हे आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळजण शिक्षक आहात, मुलांना सहलीला नेता, त्यांच्या कामी येईल असं त्यात थोडं आहे.

नागपूरहून भद्रावती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बुटीबोरी मागे टाकली की जामच्या चौरस्त्यावर हैदराबादचा रस्ता हिंगणघाटकडे जातो आणि आपण चंद्रपूरची वाट धरायची. पुढे समुद्रपूर, नंदोरी, वरोडा. वरोड्याजवळच बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. त्यांनी 1949 साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली, ती ही जागा. तिथे थांबायचा मोह होतो. आम्ही थांबलो नाही. एका दिवसात एकच गोष्ट पाहायची असं माझ्या पत्नीने निघतानाच बजावलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

वरोड्यापासून पुढे मात्र जमिनीवरच्या गोष्टींपेक्षा जमिनीखालच्या गोष्टी जास्त, असा हा मुलूख. इथे कोळसा आहे. वरोड्याची जुनी सरकारी खाण 1906 साली बंद पडली, पण माजरी-भद्रावतीच्या पट्ट्यात कोळसा निघतोच आहे. आमच्या गाडीचा ड्रायव्हर याच भागातला निघाला. त्याचे वडील खाणीत खाली उतरून काम करणारे. माझ्या मुलीने त्याला विचारलं, की खाणीतल्या अंधाराची हळूहळू सवय होते का? तो म्हणाला, "नाही होत ताई. बाबा सांगत, टोपीवरचा दिवा गेला तं तासभर उभे राहा, डोळ्यापुढचा हात नाही दिसत. तिथं उजेडच नसते ना." हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे उपयोगी पडलं.

भद्रावती म्हणजे जुनं भांदक. रेल्वेचं स्टेशन अजून भांदक याच नावाचं आहे. गाव प्राचीन. युवनाश्व राजाची भद्रावती ती हीच आणि श्यामकर्ण घोडा भीमाने इथूनच नेला, असं गावकरी सांगतात. त्याला पुरावा मागू नये. पण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694 चा, म्हणजे इसवी सन 772 चा ताम्रपट इथे सापडला आहे, तो पुरावाच. भद्रनागाचं मंदिर, जैनांचं पार्श्वनाथाचं प्रसिद्ध मंदिर, तळ्यावरचा जाड दगडी खांबांचा जुना पूल, असं पुष्कळ काही एकाच गावात आहे. आणि गावालगत विजासन टेकडी, तिच्या पोटात बुद्धलेणी.

अलेक्झांडर कनिंगहॅम हा पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख. 1873 ते 1875 या काळात मध्य प्रांतात हिंडताना त्याने ही लेणी पाहून त्यांचा अहवाल लिहिला. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ज्या कोसल देशाच्या राजधानीत गेला ती भांदकच असावी, असं त्याचं अनुमान होतं. पुढच्या अभ्यासकांनी त्या राजधानीसाठी दुसरी गावंही सुचवली. तो वाद विद्वानांकडे सोपवू. आपल्याला हवी आहे ती लेण्याची आखणी. टेकडीत एक बोगदा सरळ आत गेलेला आहे, 71 फूट लांब. त्याच्या शेवटी गाभारा, आणि गाभाऱ्यात आसनावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. या मुख्य बोगद्याला काटकोनात उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन बोगदे फुटतात. त्यांच्या शेवटीही एकेक गाभारा आणि एकेक मूर्ती.

अजिंठ्याला किंवा वेरूळला जाऊन आलेल्यांना हे वेगळं वाटेल. तिथली बरीच लेणी समोरून ऐसपैस उघडलेली, खांबांची ओसरी पुढे. इथे तसं नाही. इथे दारातून आत शिरायचं आणि शिरतच जायचं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आड दिवस, त्यामुळे माणसं तुरळक. आईने पांढरं लुगडं नेसलं होतं. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या भावाच्या खांद्यावर. आम्ही दारातून दहा पावलं आत गेलो आणि ती थांबली. "तसंच आहे," ती म्हणाली. "काही दिसत नाही." आवाज असा, की आता रडते की काय.

माझ्या मुलीने लगेच मोबाइलची बॅटरी लावली. पांढरा झोत सरळ जाऊन मूर्तीवर पडला. दगडाचा एक तुकडा लख्ख दिसला आणि भोवतालचं होतं नव्हतं तेही काळं झालं. आईने डोळ्यांपुढे हात धरला. "विझव ते. आपल्याले घाई हाय का?"

घाई नव्हती. हीच तर आपल्या गाडीने आल्याची कमाई होती! भावाने चादर अंथरली, भिंतीला टेकवून आईला बसवलं, आणि आम्हीही बसलो. बॅटऱ्या बंद.

श्रोतेहो, आता डोळ्यांबद्दल दोन शब्द. उन्हातून अंधारात आलं की डोळ्याची बाहुली मोठी होते हे आपण शाळेत शिकवतो. पण बाहुली दोन मिलिमीटरवरून वाढून वाढून सात-आठ होणार. म्हणजे उजेड पंधरा-सोळा पट जास्त आत येणार, यापलीकडे नाही. खरं काम होतं ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. तिथे मंद उजेडात पाहण्यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्यांतला रंगद्रव्याचा साठा उन्हात उडून गेलेला असतो, तो अंधारात हळूहळू पुन्हा भरतो. पाच-दहा मिनिटांत थोडं दिसू लागतं; पुरतं दिसायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. तेवढ्या वेळात डोळा हजारो पटींनी तल्लख होतो. मध्येच कोणी बॅटरी मारली किंवा काडी ओढली, की झालेलं काम वाया गेलं, पुन्हा आरंभ. हे रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. मुलांना शेवग्याचा पाला आणि पपई खा म्हणून सांगतात ते याचसाठी.

आणि वय वाढलं की हे सगळं मंदावतं. म्हाताऱ्या माणसाची बाहुली तरुणाइतकी मोठी होत नाही आणि पडद्यावरचा साठा भरायलाही अधिक वेळ लागतो. आता आईच्या त्या पहिल्या सहलीचा हिशेब मांडून पाहा. लेण्यात जायला आणि यायला सगळ्यांना मिळून पंधरा मिनिटं दिली होती. तरुण पोरींना त्या पंधरा मिनिटांत थोडंफार दिसलं असेल. ज्यांना सर्वांत जास्त वेळ हवा, त्या म्हाताऱ्यांच्याच पाठीशी "चला आजी" लागलं होतं. आईची श्रद्धा कमी पडली नव्हती की नजर अगदीच गेली नव्हती. मिनिटं कमी पडली होती.

ड्रायव्हरचं बोलणं मला तिथे आठवलं. खाणीत उजेडच नसतो, म्हणून तासभर थांबूनही उपयोग नाही. इथे तसं नाही. बोगदा सरळ आहे, त्यामुळे गाभाऱ्यापुढे उभं राहून मागे वळलं की दार समोर दिसतं, पांढऱ्या पाटीसारखं. दाराचा उजेड भिंतींना घासत, कमी होत होत, शेवटपर्यंत येतो. खणणाऱ्यांनी मुद्दाम हे असं आखलं असेल का? मला तसं वाटतं. पण मी पडलो गणिताचा मास्तर, सरळ रेषा दिसली की मला हेतू दिसतो.

दहा मिनिटं झाली असतील. मुलगी कुजबुजली, की भिंतीवर छिन्नीचे फटकारे दिसतात. मलाही दिसू लागले. मग छत दिसलं. त्यावर काजळी होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दिव्या-मेणबत्त्यांची असणार. आई मात्र गप्प. मी मध्ये एकदा विचारलं, तर म्हणाली, "थांब." वटवाघळांचा उग्र वास येत होता. बाहेर कुठेतरी एक मूल आईला हाका मारत होतं.

किती वेळ गेला असेल? घड्याळात पाहिलं असतं तर त्याचा उजेड पडला असता. आई म्हणाली, "खांदा." आम्ही काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने, "तो गुडघा ना रे?" मग बराच वेळ काही नाही. अंधारात एखादी वस्तू पाहायची तर थेट तिच्याकडे न पाहता जरा बाजूला पाहावं, म्हणजे ती उमटते. मंद उजेडाच्या पेशी पडद्याच्या ऐन मध्यावर नसतात, कडेला असतात. हे मी तिला सांगणार होतो. पण तिने मान आपोआपच किंचित तिरपी केली होती. मी ज्ञान खिशात ठेवलं.

शेवटी ती उठली, काठी भिंतीला लावली, आणि कोणाचा हात न धरता मूर्तीपुढे गेली. तिथे उभं राहून तिने त्रिसरण-पंचशील म्हटलं. नेहमीपेक्षा हळू आवाजात. मेणबत्ती लावायची का, असं पत्नीने विचारलं. आई म्हणाली, "बाहेर गेल्यावर लाव."

बाजूच्या बोगद्यांत मात्र ही युक्ती चालत नाही. काटकोनात वळल्यावर दार दिसेनासं होतं, तिथे बॅटरी हवीच. तरीसुद्धा वळणापाशी आईने तळहात भिंतीवर ठेवला आणि चाचपत थोडी आत गेली. "थंड हाय," एवढंच म्हणाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना अशा जागी न्याल तेव्हा आधी शाळेत एक प्रयोग करून पाहा. दुपारच्या सुटीत मुलांना अंगणात एक डोळा तळहाताने नीट झाकून दहा मिनिटं थांबवा. मग धान्याच्या किंवा सरपणाच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन आधी उघड्या डोळ्याने पाहायला सांगा, नंतर झाकलेल्या. जो आरडाओरडा होईल तो शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल. लेण्यातही हीच युक्ती करता येते: दारात पोचण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांचा एक डोळा बंद. पाय ठेवताना मात्र जपून. आणि एका वेळी सातआठ मुलंच आत सोडा, बाकीच्यांना बाहेर टेकडीचं चित्र काढू द्या. मूर्तीपुढे उभं राहून फोटो काढायचेच असतील तर ते अगदी शेवटी, निघताना. म्हातारं माणूस बरोबर असेल तर बसायला काहीतरी न्या. आणि सहलीच्या कागदावर वेळ लिहिताना त्या गटातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या डोळ्यांचा विचार करून लिहा.

आम्ही झाडाखाली बसून पोळ्या आणि झुणका खाल्ला. ड्रायव्हरही जेवायला बसला. इतक्या वेळा लोकांना घेऊन आलो, पण आत कधी गेलो नाही, असं तो म्हणाला. तेव्हा आई म्हणाली, "मंग जा ना आता. आमी थांबतो." तो गेला. मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटांनी परत आला, आणि येताना डोळ्यांवर हात धरूनच आला, उन्हामुळे.

परतीला जामपाशी अंधार पडला. मुलगी मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची आजी फाटकातूनच ओरडली, "काहून वो, पुन्हा गेलती म्हणे? मागच्या बारीले पाहिलं नव्हतं का?"

आईने झाडू थांबवला. "नव्हतं पाहिलं," ती म्हणाली. "ये, बस, सांगतो."