बोलका संगणक आणि आपले कर्तव्य

(वार्षिक संमेलनात शिक्षण-साहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपणांसमोर चार शब्द मांडण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे आभारी आहोत. तथापि आज आम्ही समितीच्या कार्याचे गोडवे गाणार नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल करणार आहोत.

गतवर्षी याच व्यासपीठावर आम्ही एका दृष्टिहीन विद्यार्थिनीस लॅपटॉप अर्पण केला. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले, अहवालात नोंद झाली. सहा महिन्यांनी समितीचे सदस्य तिच्या घरी गेले, तेव्हा तो लॅपटॉप कपाटात, सत्काराच्या शालीखाली, जसाच्या तसा आढळला. "काका, हा चालवायचा कसा, हे मला कोणी दाखवलंच नाही," असे ती म्हणाली. आम्हांपाशी उत्तर नव्हते.

दृष्टिहीन मुलास पडदा निरुपयोगी. त्यास पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली हवी. ती विकतच घ्यावी लागते असे नाही. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली आरंभिलेली एन. व्ही. डी. ए. ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. परंतु माऊसवाचून, केवळ कळांच्या आधारे सारे काम करण्यास काही महिन्यांचा सराव आणि शिकविणारा माणूस लागतो. तो आम्ही दिला नाही.

दुसरी अडचण मजकुराची. पुस्तकाच्या पानांचे नुसते चित्र घेतले, तर यंत्र मुके राहते. जुन्या पद्धतीच्या टंकात मराठी जुळविले असेल, तर ते अर्थहीन इंग्रजी अक्षरे बडबडते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच ते नीट वाचते. आमची स्मरणिकाही पानांच्या चित्रांच्या रूपातच धाडली गेली होती. ज्या अंकात आम्ही त्या मुलीचे छायाचित्र अभिमानाने छापले, तो अंक तिलाच वाचता आला नाही!

प्रत्येक मुलाची गरजही निराळी असते. मंददृष्टी मुलास अक्षरे मोठी करून हवीत. वाचनात अडखळणाऱ्या बुद्धिमान मुलास वाचला जाणारा शब्द डोळ्यांसमोर उजळून हवा. ज्याचे हात थरथरतात, त्यास मोठ्या कळांचा कळफलक हवा. तेव्हा आधी मूल पाहावे, मग यंत्र घ्यावे.

आणि आता एक कटू गोष्ट. या साहाय्यासाठी आम्हांकडे दोनच अर्ज आले. आपल्या ज्ञातीत अशी मुले दोनच आहेत काय? नाही. थोरल्या बहिणीची सोयरीक मोडेल, या भयाने धाकट्यास लपविणारी घरे आपणांस ठाऊक आहेत. हे भय आपणच निर्माण केले आहे. ते आपणच घालविले पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर आहे. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दिव्यांगांसाठी पुस्तके वाचनसुलभ रूपात आणण्यासही आडकाठी नाही. म्हणून आमच्या सूचना तीनच आहेत: पालकांस दाखला व अर्जाच्या कामी मदत करावी, निधीतून यंत्राइतकीच तरतूद शिक्षक व दुरुस्तीसाठी ठेवावी, आणि आपल्या तरुणांनी पाठ्यपुस्तके युनिकोडमध्ये टंकलिखित करून द्यावीत.

त्या मुलीस आता दर रविवारी एक तरुण शिक्षक, जो स्वतः दृष्टिहीन आहे, शिकवीत आहे. यंदाची स्मरणिका युनिकोडमध्ये तयार होत असून तिची पहिली प्रत तिच्याकडे जाईल. त्यातील चुका तिने आम्हांस कळवाव्यात, अशी विनंती आम्ही तिला केली आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी आज निघण्यापूर्वी समितीस अवश्य भेटावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.