दोन वर्षांच्या आतलं गोड



संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या विश्रांतवाडीत, टिंगरेनगरात बोरन्हाणांची धांदल असते. काळं झबलं घातलेलं बाळ पाटावर, अंगावर हलव्याचे दागिने, वरून चुरमुरे, बोरं आणि गोळ्या. सगळ्यांचं लक्ष फोटोकडे, बाळाचं मात्र गळ्यातल्या हाराकडे. हार तोंडात जातो, दोन दाणे ओले होऊन सुटतात आणि मावशी ओरडते, ‘अगं, खातोय तो!’ साखरेचं सोडा, तो टणक दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

तरीही बोरन्हाणावर माझा राग नाही. ते वर्षातून एकदाच. उष्टावणाचं खिरीचं बोटही एकदाच. काळजी आहे ती रोजच्या गोडाची. दुधात साखरेचा चमचा, चहात बुडवलेलं बिस्किट, रडलं की लॉलीपॉप. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच मूल झोपलं, तर वरचे पुढचे दात आधी किडतात.

बालरोगतज्ज्ञांचं सांगणं सरळ आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. मग खिमट, वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. पण दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको. गूळही त्यातच आला, ‘लोह असतं’ ही पळवाट चालणार नाही. मध तर पहिलं वर्षभर चाटवायचाही नाही, बारशाच्या दिवशीसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमचे जिवाणू बीजरूपात असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात.

सुरुवातीला साखर बेताची ठेवल्याचा फायदा मोठेपणीही दिसतो. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्याच्या आगेमागे जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. आईच्या पोटात असल्यापासून पहिली दोनेक वर्षं ज्यांना साखर बेताचीच मिळाली, त्यांच्यात मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसला.

आजी म्हणते, ‘गोडाची सवय नको का लावायला?’ अहो आजी, ती जन्मतःच असते. आईचं दूधही गोडच. सवय लावावी लागते दुधीची, मेथीची. पहिल्या घासाला मूल तोंड वाकडं करतं आणि आपण लगेच साखर पेरतो. तीच भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी पुढे करून पाहा, बहुतेक मुलं खायला लागतात.

दोन वर्षांनंतर श्रीखंड, पुरणपोळी जरूर द्या, सणाला, जेवणाच्या ताटात. भाजी संपवल्याचं बक्षीस म्हणून नको.

बाळाला पाळणाघरात किंवा आजी-आजोबांकडे ठेवत असाल, तर साखर आणि बिस्किटांचं आधीच बोलून घ्या. पहिल्याच दिवशी सांगितलं की कुणाला राग येत नाही.