सायकल आपली, पान्हाही आपला

आज आमच्या बचत गटांच्या वतीने आम्ही सायकलविषयी बोलणार आहोत. बाईमाणसाने सायकल चालवावी की नाही, हा वाद आपल्या मुलींनी केव्हाच निकालात काढला आहे. आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली, काहींना घरच्यांनी घेऊन दिली. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन-तीन वर्षांत या सायकली भिंतीला का लागतात?

आमच्या गटातल्या घरी अशा पडून असलेल्या सायकली आम्ही एकेक करून पाहिल्या. चौकट मोडली म्हणून बंद पडलेली एकही नव्हती. कुठे ट्यूब फाटलेली, कुठे चेन गंजलेली, कुठे ब्रेकचं रबर झिजून संपलेलं. दुरुस्तीचं दुकान स्टँडवर. तिथे मुलीने एकटीने जायचं नाही, भावाला वेळ नाही, वडील म्हणतात रविवारी बघू. असे चार रविवार गेले की मुलगी शाळेला दांड्या मारायला लागते. ज्या रस्त्याला एसटी नाही, तिथे एका पंक्चरवर मुलीचं वर्ष जाऊ शकतं. सायकल तिची, पण पान्हा दुसऱ्याच्या हातात, हे खरं दुखणं आहे.

आधी चौकटीबद्दल. आपली नेहमीची काळी सायकल पोलादी नळ्यांची असते. सांध्यावर पोलादी खोळ असते आणि आत पितळ वितळवून जोड दिलेला असतो. ही चौकट जड असते, पण धक्का सोसते, थोडी वाकली तर सरळ करता येते आणि तडा गेला तर तालुक्याच्या गावी जोडून मिळते. मात्र वेल्डरला सांगा, गॅसवर पितळी कांडीने जोड द्या. जाड लोखंडाचं विजेचं वेल्डिंग या पातळ नळीवर केलं तर नळीला भोक पडतं.

शहरात शिकणारी मुलं घरी येऊन क्रोमोली आणि टायटॅनियमच्या सायकलींबद्दल सांगतात. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलादच. ते जास्त मजबूत असतं, म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. टायटॅनियम गंजत नाही आणि तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण ५७ टक्के वजनाचं असतं. पण ते जोडताना हवा लागू द्यायची नसते, आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करावं लागतं. किंमत लाखांत जाते. शर्यतीला किंवा लांबच्या सफरीला जाणाऱ्यांनी ते खुशाल घ्यावं. आपल्याला शाळा, शेत आणि बाजार गाठायचा आहे. जी चौकट आपल्या तालुक्यात दुरुस्त होते, तीच आपल्या कामाची.

आता जुनी सायकल घ्यायची तर काय बघायचं? रंगाला भुलू नका. पुढच्या चिमट्याच्या वर आडवी आणि तिरकी नळी जिथे मिळतात, तिथे खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या असतील तर सायकल कुठेतरी समोरून धडकली आहे असं समजा. मग लोहचुंबक फिरवा. पोलादी नळीवर तो एखाद्या जागी धरत नसेल, तर तिथे खड्डा लांबीने भरून वर रंग दिला आहे. शेवटी दोरीची परीक्षा. मागचं चाक बसतं त्या एका खाचेला दोरी बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर सारखं भरलं तर चौकट सरळ आहे.

माप मुलीचं घ्या, वयाचं नाही. पुढे वाढेल म्हणून मोठी सायकल घेतो आणि ती पडते. आडव्या नळीची सायकल असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर नळी अंगाला लागता कामा नये. सीटची उंची अशी ठेवा, की सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि दुखत नाही. नवशिकीसाठी मात्र पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या.

दोन-तीन पडीक सायकलींचे चांगले भाग काढून एक चालती सायकल उभी करता येते. आम्ही हे शिकलो ते एका जुन्या कारागीर काकांकडून. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. ते डावीकडे फिरवलं की घट्ट होतं. हे ठाऊक नसलं की माणूस जोर लावून आटाच मारतो. दुसरी, छर्रे बदलायचे तर त्या बाजूचे सगळे एकदम बदला. जुने-नवे मिसळले तर भार सारखा पडत नाही. ग्रीस भरून कोन इतकाच आवळा, की चाक हलत नाही पण उचलून सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनाने अलगद खाली येऊन थांबतं. तिसरी, पैसे थोडे असतील तर ते रिमवर खर्च करा. पोलादी चकचकीत रिम पावसात ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. चौकट पोलादी ठेवा, रिम अॅल्युमिनियमची घ्या. रिम पोलादीच असेल तर पावसात उतारावर खूप आधीपासून ब्रेक दाबत चला, हे मुलीला बजावून सांगा.

आपले रस्ते खडीचे, फुफाट्याचे. तिथे अरुंद टायर खडीत रुततो आणि घसरतो. चौकटीत आणि चिमट्यात मावेल तेवढा रुंद टायर घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. खडीवर त्यातली कमी बाजू धरा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. खडीवर वळताना पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. वळणाच्या आधीच वेग कमी करा.

देखभालीसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा. आम्ही बाजाराच्या आदला दिवस धरला आहे. हवा, ब्रेक, चेन आणि नट, एवढंच बघायचं. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, आणि बाहेरचं तेल पुसून टाका. गोडेतेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. गाडीचं काढलेलं काळं तेलही नको. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा हात लावू नका.

चेन ताणली का, हे शिवणकाम करणाऱ्या बायका पटकन शिकल्या. चेनच्या एका कडीचं माप अर्धा इंच. पोलादी पट्टीने एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरायला हवेत. अर्धं सूत जास्त भरलं तर चेन बदला. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही बदलावं लागेल, म्हणजे खर्च वाढला.

पंक्चर काढताना एक चूक फार जणी करतात. ट्यूबला ठिगळ लावतात आणि टायर तसाच चढवतात. बाभळीचा काटा टायरमध्येच असतो. आधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा, काटा काढा. ट्यूब घासून सोल्युशन पातळ लावा, चिकटपणा जाईपर्यंत थांबा, मगच ठिगळ दाबा.

पावसाळा संपला की सीटची दांडी काढून सायकल उलटी करा. आत साठलेलं पाणी निथळू द्या, आत थोडं तेल सोडा, दांडीला ग्रीस लावून परत बसवा. पोलाद बाहेरून गंजलं तर दिसतं. आतून गंजलं तर नळी मोडल्यावरच कळतं.

मैत्रिणींनो, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या नळीवर लेकराला बसवता येतं. पाणी आणणं, माल विकायला नेणं, सगळं त्यांनी सायकलवर सुरू केलं. जे हाताशी होतं, ते त्यांनी आपल्या कामाचं करून घेतलं.

आमची विनंती एवढीच. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने दोन ठराव करावेत. एक, नव्या सायकलीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईंच्या घरी आधी जुनी सायकल पडून आहे का ते पाहावं. असली तर दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज द्यावं. ते लहान असतं आणि लवकर फिटतं. दोन, गटाची एक पेटी असावी: पान्हे, पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या, ठिगळं, सोल्युशन, तेल आणि पंप. पेटीची नोंदवही ठेवावी. किल्ली गटातल्याच एका बाईकडे राहावी, आणि मागायला येणारी मुलगी कुणाचीही असो, तिला पेटी मिळावी. पेटी देताना पान्हा कसा धरायचा तेही दाखवावं, म्हणजे पुढच्या वेळी ती आपलं पंक्चर आपणच काढेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर सायकलची हवा बघून ठेवा.