रोपाला पाणी कोणी घालायचे?

(वस्तीतील एकट्या वृद्धांना बागकामात मदत करणाऱ्या आणि त्यांना सोबत देणाऱ्या तरुण स्वयंसेवकांच्या मेळाव्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण.)



तुमच्या कामाचे कौतुक करण्यासाठी मला येथे बोलावले आहे, असे निमंत्रणावरून दिसते. कौतुक मी करणारच आहे. रविवारची सकाळ स्वतःसाठी न ठेवता कुणा एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या परसात खुरपे घेऊन उतरावे आणि काम आटोपल्यावर तासभर त्याच्याजवळ बसावे, ही आजच्या काळात सामान्य गोष्ट नव्हे. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला कौतुकापेक्षा हिशेबाची सवय अधिक. या मदतीतून कोणाला काय मिळते, कोणाचे काय जाते, आणि दुसऱ्या कोणाची जबाबदारी आपण नकळत आपल्या अंगावर घेत नाही ना, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. शिवाय मी स्वतः साठी ओलांडलेली आहे. तेव्हा मदत देणाऱ्यांपेक्षा ती घेणाऱ्यांच्या रांगेला मी जवळचा आहे. त्या बाजूने हे काम कसे दिसते, तेही सांगावे असा माझा विचार आहे.

प्रथम एका प्रयोगाची हकीकत सांगतो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात एक साधा बदल करून पाहिला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की, आपल्या खोलीची मांडणी कशी असावी, वेळ कसा घालवावा, हे तुमचे तुम्ही ठरवायचे आहे. त्यांना एकेक रोप देऊ केले आणि त्याची काळजी त्यांनीच घ्यायची, असे ठरले. दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनाही रोपे दिली. पण त्यांना सांगितले की, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ आणि रोपांना पाणीही परिचारिकाच घालतील. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही, अधिक मिसळणारी आढळली. दीड वर्षाने पुन्हा पाहणी झाली, तेव्हा पहिल्या मजल्यावरील ४७ जणांपैकी ७ जण आणि दुसऱ्यावरील ४४ जणांपैकी १३ जण निवर्तले होते.

हे आकडे ऐकून कोणी लगेच टाळ्या वाजवू नयेत. संख्या लहान आहे. संशोधकांनीच पुढे आपल्या आकडेमोडीत दुरुस्ती केली, आणि मृत्यूंमधला फरक प्रथम वाटला होता तितका भक्कम नाही असे दिसून आले. शिवाय फरक केवळ रोपाचा नव्हता. निर्णयाचा अधिकार आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. इतकी सावधगिरी बाळगूनही एक गोष्ट उरतेच. रोपे दोन्ही मजल्यांवर होती, मायाही दोन्हीकडे होती. एका मजल्यावर माणसाच्या हाती काही काम ठेवले होते आणि दुसऱ्यावर मायेपोटी ते काढून घेतले होते.

आता आपल्या कामाकडे वळू. समजा, एका बैठ्या घरामागे दहा पावलांचे परस आहे. तिथे एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नाही, म्हणून गवत माजले आहे. एका रविवारी पंधरा उत्साही तरुण घमेली-कुदळी घेऊन येतात आणि दोन तासांत परस लख्ख करून देतात. त्या सफाईत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू उपटला जातो, कारण तो त्यांना रानगवत वाटतो. मोगरा भलत्याच वेळी छाटला जातो. चहा होतो, छायाचित्रे निघतात आणि मंडळी जातात. बाईंच्या वाट्याला स्वच्छ अंगण आणि थोडी अपराधी कृतज्ञता येते. आपल्याच परसात त्या पाहुण्या झालेल्या असतात.

याऐवजी दोनच जण गेले आणि बाई खुर्चीत बसून सांगतील तसे त्यांनी काम केले, तर? मोगरा थंडीत छाटायचा, उन्हाळ्यात नव्हे. कढीपत्त्याच्या बुंध्यापाशी फुटलेले रोप मुळासकट कसे काढायचे. आळे किती खोल करायचे. झारीने पाणी घालावे की तांब्याने. हे सारे त्या सांगतील. काम चौपट वेळ घेईल. परंतु त्या वेळात बाई मदत घेणाऱ्या राहणार नाहीत; त्या कामाच्या मुकादम होतील. तांब्याभर पाणी घालणे त्यांना बसल्या जागेवरून जमत असेल, तर ते त्यांनाच घालू द्यावे. कुंडी कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवली की वाकण्याचा प्रश्न मिटतो. त्यांच्या हातून निसटत चाललेले काम पुन्हा त्यांच्या हाताच्या टप्प्यात आणून ठेवणे, ही मी आपल्या मदतीची पहिली कसोटी मानतो.

दुसरी कसोटी सोबतीची. त्याच १९७६ साली रिचर्ड शुल्झ या संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका निवृत्तांच्या वसाहतीतील चाळीस वृद्धांचे त्याने चार गट केले. महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांना भेटायला जात. पहिल्या गटातील वृद्धांनी भेट केव्हा व किती वेळ हे स्वतः ठरवायचे. दुसऱ्यांना भेटीची वेळ आधी कळवली जाई. तिसऱ्यांकडे विद्यार्थी केव्हाही अवचित जात. चौथ्यांकडे कोणीच जात नसे. पहिल्या दोन गटांची प्रकृती व मनःस्थिती इतरांपेक्षा चांगली दिसली. येथवर गोष्ट सुखाची आहे. परंतु प्रयोग संपला आणि विद्यार्थी यायचे थांबले. पुढच्या दोन-तीन वर्षांत शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी त्याच माणसांची पुन्हा पाहणी केली. १९७८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, ज्यांना भेटींचा सर्वाधिक लाभ झाला होता, नेमके तेच दोन गट घसरले होते. अवचित भेटींच्या आणि बिनभेटीच्या गटांत तशी घसरण नव्हती.

येथेही दहा-दहा माणसांचे गट आहेत, तेव्हा यातून सिद्धान्त काढू नये. पण इशारा जरूर घ्यावा. दर बुधवारी पाच वाजता कोणीतरी येते, या आधारावर एखादा माणूस आपला आठवडा उभा करतो. सकाळी दाढी करतो, दोन कप धुऊन ठेवतो. परीक्षा आल्या, नोकरी लागली, उत्साह ओसरला, म्हणून आपण न सांगता थांबलो, तर त्याचा बुधवार तेवढा पडत नाही, आठवडाच पडतो. आपल्या चळवळींना मोहिमांची सवय आहे. वृक्षारोपणाची मोहीम असते, स्वच्छतेची असते. सोबतीची मोहीम मात्र काढता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, वीस घरे धरून सहा महिन्यांत सोडण्यापेक्षा चार घरे धरावीत. एका घराला दोघे ओळखीचे असावेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. येण्याची वेळ त्या घरानेच ठरवावी. आणि थांबावे लागले तर आधी जाऊन, समोर बसून सांगावे.

आता मी ज्या विषयाचा विद्यार्थी आहे त्याकडे येतो. वृद्ध माणसाच्या गरजांचे मला तीन भाग दिसतात. पहिला भाग पैशाचा आणि औषधोपचाराचा. तो त्याचा हक्क आहे आणि देणे समाजाचे, म्हणजे शासनाचे आहे. दुसरा भाग जड, नियमित कामाचा: माती वाहणे, फांद्या तोडणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणे. हे श्रम आहेत आणि श्रमाला मजुरी हवी. तिसरा भाग सोबतीचा. तो हक्क म्हणून वसूल करता येत नाही आणि बाजारात विकतही मिळत नाही. तुमचे क्षेत्र हे तिसरे आहे. या तिन्हींची गल्लत झाली की चांगल्या हेतूतून अन्याय जन्माला येतो.

ही गल्लत कशी होते, ते पाहा. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. त्यांतील बहुसंख्यांनी आयुष्यभर शेतात, बांधकामावर, घरकामात राबून घाम गाळला. त्यांच्या मालकांनी भविष्यनिर्वाह निधीचा कागद कधी दाखवला नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ साली महिना ७५ रुपयांनी सुरू झाले. २००७ पर्यंत केंद्राचा वाटा २०० रुपयांवर आला आणि ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी हा आकडा पुढे दीड तपाहून अधिक काळ तसाच राहिला. या काळात डाळीचा, तेलाचा, औषधाचा भाव काय झाला हे मी तुम्हांला सांगायला नको. महाराष्ट्रात राज्याने भर घालून ही रक्कम २०२३ साली दीड हजार रुपयांवर नेली. ते स्वागतार्ह आहे. पण महिन्याच्या औषधांतच हा पैसा संपतो, असे सांगणारी माणसे तुमच्याच वस्तीत आहेत. अशा वेळी सत्तेवरील कोणी उठून म्हणू लागले की, वृद्धांची काळजी समाजाने सेवाभावाने घ्यावी, तर त्या गोड वाक्याचा अर्थ नीट ओळखा. तुमच्या खुरप्याचा उपयोग तिजोरीचे कुलूप झाकण्यासाठी होता कामा नये.

दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, याचे उदाहरण केरळात आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी वेदनाशमनाची सेवा सुरू केली. पुढे तिच्याभोवती गावोगावच्या शेजाऱ्यांची जाळी विणली गेली. शिक्षक, रिक्षाचालक, विद्यार्थी, गृहिणी दीर्घ आजारी माणसांच्या घरी जाऊ लागले. त्या कार्यकर्त्यांनी शासनाला सुट्टी दिली नाही. २००८ साली राज्याने या सेवेचे धोरण जाहीर केले, आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था स्थानिक पंचायतींकडे आली. परिचारिकेला वेतन मिळते, शेजारी मनाने येतो, आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही. तुम्हीही एखाद्या आजोबांच्या गुलाबाला खत घालाल, तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज कुठे अडकला आहे तेही विचारा, आणि तहसील कार्यालयात त्यांच्याबरोबर जा. तीही सोबतच आहे.

आणखी एक प्रश्न विचारतो, तो थोडा टोचेल. परस कोणाकडे असते? बंगल्यात राहणाऱ्याकडे, जुन्या वाड्यात किंवा बैठ्या घरात राहणाऱ्याकडे. एकटेपणा मात्र दहा बाय दहाच्या खोलीतही असतो. तिथल्या आजीची बाग म्हणजे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस आणि फुटक्या बादलीतला गवती चहा. तुमच्या यादीत फक्त बागवाली घरे असतील, तर मदतही मालमत्तेच्या मागे जाऊ लागली असे म्हणावे लागेल. म्हणून त्या डब्यापासून सुरुवात करा. डब्याच्या बुडाला भोके पाडायला, गच्चीवर चार ट्रेमध्ये मेथी पेरायला फार जमीन लागत नाही. महापालिकेच्या उद्यानातला एक वाफा वस्तीतल्या वृद्धांच्या हाती द्यावा, अशी मागणी करायलाही हरकत नाही.

पूर्वीच्या एकत्र कुटुंबात हे प्रश्न नव्हते, असे माझ्या वयाची माणसे हळहळून सांगतात. त्या हळहळीत एक नाव विसरले जाते. सासऱ्यांचे पथ्य सांभाळणारी, सासूचे पाय चेपणारी आणि तुळशीला पाणी घालणारी सून! तिच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कधी झाली नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. हिशेबात न येणारे काम फुकट मानायची खोड आपल्याला फार जुनी आहे. तेव्हा तुमच्या गटातही चहा करणे, भांडी विसळणे, मायेने बोलणे मुलींकडे आणि कुदळ व भाषण मुलांकडे, अशी वाटणी होत नाही ना, हे पाहत जा.

शेवटी एक छोटी सूचना. घरात शिरताच प्रत्येक वृद्धेला ‘आजी’ म्हणू नका. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या स्त्रीला गल्ली अजून ‘बाई’ म्हणते, आणि गिरणीत काम केलेल्या माणसाला त्याचे जुने सोबती आडनावाने हाक मारतात. काय म्हणू, हे आधी विचारा. त्यांच्याकडून काही शिका, त्यांच्याशी वाद घाला, राजकारणावर भांडा. माणूस वयाने थकला म्हणून त्याच्या मतांना ‘हो, हो’ म्हणत राहणे हाही त्याच्या हातचे रोप काढून घेण्याचाच एक प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्यात तुमच्या वयाची मुले कमी नाहीत. त्यामुळे त्या ओट्यावर बसून कोण कोणाला सोबत देत आहे, हे नेहमीच स्पष्ट असेल असे नाही.

पुढचा रविवार ठरलेला आहे, असे तुमच्या संयोजकांनी सांगितले. जाल तेव्हा पहिला प्रश्न ‘काय करून देऊ?’ असा विचारू नका. ‘कुठून सुरुवात करायची, ते तुम्ही सांगा’ असे म्हणा आणि उत्तर येईपर्यंत खुरपे खाली ठेवा.