वृद्धाश्रमातील औषधे आणि विश्वस्तांची देखरेख



वृद्धाश्रमाचा गौरव करताना आपण वास्तू, भोजन, स्वच्छता आणि सेवाभाव यांचा आवर्जून उल्लेख करतो. औषधांच्या कपाटाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज त्या कपाटाविषयीच बोलावे, असे मी योजिले आहे.

इंग्लंडमधील वृद्धनिवासांत औषधे कशी दिली जातात, याचा एक सखोल अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ५५ निवासांतील २५६ वृद्धांची त्यात पाहणी झाली. प्रत्येकास सरासरी आठ औषधे चालू होती आणि दहांपैकी सुमारे सात जणांच्या बाबतीत एक तरी चूक आढळली. ज्या देशात अशा निवासांची सरकारी तपासणी होते, तेथील ही स्थिती! बहुतेक चुकांतून गंभीर इजा संभवत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण दोष केवळ गोळी देणाऱ्या सेविकेचा नव्हता. कोठे डॉक्टरांचे लिहिणे अपुरे, कोठे औषध देणाऱ्या दुकानाची गफलत, तर कोठे आवश्यक रक्ततपासणीच राहून गेलेली. प्रत्येक निवासासाठी एक जबाबदार डॉक्टर असावा आणि फार्मासिस्टने सर्वांची औषधे नियमित तपासावीत, असे संशोधकांनी सुचविले.

आपल्याकडे अडचणी निराळ्या आहेत. पट्टी कापून चार गोळ्या आणल्या की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते. हृदयाचे डॉक्टर एक नाव लिहितात, गावचे डॉक्टर दुसरे. औषध मात्र एकच, आणि आजोबा दोन्ही घेत राहतात. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज दिले गेले तर रक्तपेशी घटून प्राणावर बेतते.

आणखी एक गोष्ट आपल्या आश्रमांपुरती. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मग 'रात्री जेवणानंतर' ही सूचना सेवकाने कशी पाळावी? पर्युषणात उपवास धरलेल्या मधुमेही आजींना ग्लिमेपिराईडची गोळी नित्याप्रमाणे दिली गेली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. व्रत मोडा, असे मी म्हणत नाही. परंतु डॉक्टरांना ते आधी कळले पाहिजे, म्हणजे त्यांना वेळा व मात्रा बदलता येतात. क्वचित ते उपवासास नकारही देतील.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येकाच्या नावाचा एकच औषधतक्ता असावा, आणि गोळी दिली त्याच क्षणी त्यावर सही व्हावी. फेरी संपल्यावर एकदम केलेल्या सह्यांना अर्थ नाही. चूक सांगणाऱ्या सेवकास रागावू नये. रागावलो तर पुढची चूक आपल्याला कळणारच नाही.

मासिक सभेत विश्वस्तांपुढे हिशेबाची वही येते. तिच्याबरोबर औषधांची वहीही यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.