बजाजवाडीतले पाहुणे



‘इस्लाम, लोकशाही आणि पाश्चात्त्य जग’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आणि वेळ दिला दहा मिनिटे! तेवढ्यात जग फिरून होणार नाही. म्हणून मी वर्ध्यापासूनच सुरुवात करतो.

७ डिसेंबर १९३४ रोजी खान अब्दुल गफारखानांना पोलिसांनी आपल्या वर्ध्यात अटक केली. ते जमनालालजी बजाजांचे पाहुणे होते. ऑगस्टमध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायला बंदी होती; म्हणून इकडे आले. गुन्हा काय, तर मुंबईत ख्रिस्ती तरुणांपुढे केलेले भाषण. कलम १२४ अ, राजद्रोह, दोन वर्षे सक्तमजुरी. ज्यांच्या पार्लमेंटची थोरवी आपण नागरिकशास्त्रात पाठ केली, त्यांनीच हे केले. सुटल्यावरही बंदी कायम होती. १९३६ मध्ये ते पुन्हा आले आणि शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आदी निवासात बापूंबरोबर राहिले. शाळेच्या सहलीत आपण ती झोपडी पाहिली आहे. पण आपले सगळे लक्ष बापूंच्या टेलिफोनकडे!

या माणसाला ‘सरहद्द गांधी’ म्हणतात, ते मला थोडे अपुरे वाटते. गांधीजींशी जवळीक होण्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्येच, त्यांनी उत्मानझाईत शाळा काढली होती. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार उभे केले. बंदूक आणि पिढीजात सूड यांत वाढलेल्या पठाणांनी अहिंसेची शपथ घेतली. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात इंग्रजांनी गोळीबार केला, तरी जमाव निःशस्त्रच राहिला. हे बळ गफारखानांना बाहेरून आणावे लागले नाही. मक्केत पैगंबरांनी दाखवलेला सब्र, तीच माझी अहिंसा, असे ते मानत. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस होता.

आणि लोकशाही? १९४६ च्या निवडणुकीत त्या मुस्लिमबहुल प्रांताने मुस्लिम लीगला नाकारले. ५० पैकी ३० जागा काँग्रेसला दिल्या. पाकिस्तान झाल्यावर आठवडाभरात गफारखानांच्या भावाचे, डॉ. खानसाहेबांचे, मंत्रिमंडळ बरखास्त झाले. १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळ बाबडा येथे खुदाई खिदमतगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे मुसलमान, मरणारेही मुसलमान.

पुढे १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या. लोकशाहीचा घोष करणाऱ्या अमेरिकेने लष्करशहा झियांच्या हातून तिथे शस्त्रे आणि पैसा ओतला, आणि त्यातला मोठा वाटा गेला कडव्यांतल्या कडव्या गटांना. अहिंसावाल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? इस्लाममध्ये लोकशाही रुजत नाही, हे पाश्चात्त्यांचे वाक्य मी परदेशात पुष्कळ ऐकले. रुजलेले रोप कोणी उपटले, हे त्यात येत नाही. अर्थात सगळा दोष परक्यांचा नाही. धर्माच्या नावाने बंदूक उचलणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने उचललेली असते.

आता थोडे घरातले. कुठे हल्ला झाला की आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘यांच्यातले चांगले लोक बोलत का नाहीत?’ आपले मुसलमान वर्गमित्र मग आठ-आठ दिवस गप्प असतात. बोरकुटासाठी भांडलेल्या मित्राने रोज उठून हजेरी द्यायची का?

तरी प्रश्न आहेच, तर उत्तर देतो. बादशाह खान २० जानेवारी १९८८ ला गेले. २० जानेवारी २०१६ ला, त्यांच्या पुण्यतिथीलाच, चारसद्द्यात त्यांच्या नावाच्या विद्यापीठात तालिबानी बंदूकधारी घुसले. वीसहून अधिक जण मारले गेले, बहुतेक विद्यार्थी. त्या दिवशी तिथे बादशाह खानांच्या स्मरणार्थ मुशायरा होता.

उद्या सकाळी आपली बस सेवाग्रामला जाणार आहे. टेलिफोन पाहून झाला की आदी निवासापाशी पाच मिनिटे थांबू या. गुरुजी, तेवढी परवानगी असावी.